डोंगर सरत कसा नाही?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खर्डी स्टेशनवरून पायी निघालं, की पहिल्याच ओहोळापाशी थांबावं लागतं. पाणी ओलांडता येत नाही म्हणून, आणि त्याचा रंग बघत राहावंसं वाटतं म्हणूनही. गाळलेल्या चहासारखं तांबूस पाणी फेस उडवत, काटक्या आणि सागाची फाटकी पानं घेऊन धावत असतं. अशाच एका ओहोळाच्या काठावर पाचवी-सहावीतला एक मुलगा प्लॅस्टिकच्या बाटलीत ते पाणी भरून घेत होता. बाटली उजेडात धरून त्यानं मला विचारलं, "काका, दरसाल एवढी माती जातीय, मग डोंगर सरत कसा नाय?"

भूगोलाच्या पुस्तकात 'झीज', 'वहन' आणि 'संचयन' हे तीन शब्द असतात. परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात. या मुलाचा प्रश्न त्यांच्या पुढचा होता. माती खरंच जाते, हे तो डोळ्यांनी बघत होता. डोंगर जागेवरच आहे, हेही बघत होता. त्याच्या आजोबांनी माहुलीच्या डोंगराचे सुळके जसे पाहिले, तसेच तोही पाहतो. मग या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? हे प्रकरण त्या प्रश्नासाठी आहे.

१. काळा कातळ आला कुठून

झिजतं काय हे आधी कळायला हवं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कुठंही खणा, खाली काळा कातळ लागतो. त्याचं शास्त्रीय नाव बेसॉल्ट. हा थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस बाहेर येऊन पसरला. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी इथं फारसा नव्हता. तव्यावर घावनाचं पातळ पीठ ओतल्यावर ते जसं आपोआप पसरतं, तसा हा रस मैलोन् मैल पसरत गेला. एक थर गार झाला की कधी लगेच, कधी पुष्कळ काळानं त्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर चढत सह्याद्रीच्या भागात त्यांची जाडी किलोमीटरच्या वर गेली. आजही हा कातळ जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी या थरांबद्दल दोन बाबी लक्षात ठेवायच्या. पहिली, सगळे थर सारखे टणक नाहीत. काही थर घट्ट आणि जड आहेत. काहींत वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यानं ते जाळीदार पावासारखे झाले आहेत. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारख्या लाल मातीचा पट्टाही दिसतो. खालचा थर उघडा पडून त्याची माती झाली, आणि वरून नवा तापलेला रस आल्यावर ती भाजली गेली, अशी त्या पट्ट्याची कथा आहे. दुसरी बाब भेगांची. गरम वस्तू गार होताना आकसते. तळं आटलं की तळाच्या चिखलाला जशा भेगा पडतात, तशा लाव्हा गार होताना कातळाला उभ्या भेगा पडल्या. म्हणजे हा दगड जन्मतःच तडकलेला आहे. पाण्याला शिरायला वाट पहिल्या दिवसापासून तयार होती.

२. दगड सडतो

मुंबई-आग्रा महामार्गावर कसाऱ्याकडे जाताना रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांकडे नीट पाहावं. पिवळट-तपकिरी भुसभुशीत भिंतीत मधेमधे काळे गोल धोंडे रुतलेले दिसतात. धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतात, आणि बोटानं खरवडलं तर बाहेरचे पापुद्रे गळून पडतात. पुष्कळांना वाटतं की हे गोटे नदीनं वाहून आणले. ते कुठूनही आलेले नाहीत, जागच्या जागी गोल झाले आहेत.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं, आणि पालापाचोळ्याच्या थरातून जाताना आणखी आंबट होतं. हे किंचित आंबट पाणी कातळाच्या भेगांत उतरतं. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं, त्याला गंज चढतो. पावसाळ्यात अंगणात विसरलेली विळी जशी तांबडी होते, तसाच हा प्रकार. दगडातली दुसरी काही खनिजं पाण्यात मुरून चिकणमाती बनतात. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर हे पाणी तिन्ही बाजूंनी काम करतं, सपाट बाजूवर एकाच बाजूनं. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोल होत जातो. साखरेचा खडा तोंडात धरला की त्याच्या कडा आधी गुळगुळीत होतात, तेच इथं घडतं.

या अर्धवट सडलेल्या दगडाला आपल्याकडे 'मुरूम' म्हणतात. त्याची आणखी माती झाली की शेत होतं. एकाच काळ्या दगडाची देशावर काळी माती होते आणि इथं तांबडी, यामागं पाऊस आहे. धो धो पाऊस दगडातला चुना आणि सिलिका धुऊन नेतो आणि मागं गंजलेलं लोह उरतं. हे धुणं फार काळ चाललं की माथेरानच्या माथ्यावर दिसतो तसा जांभा तयार होतो.

झाडंही हातभार लावतात. उंबराचं मूळ भेगेत केसाएवढं शिरतं आणि मनगटाएवढं झालं की दगड उकलतं. हिमालयात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि पहारीचं काम करतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, ती पहार इथं नाही. इथली मुख्य कारागिरी आंबट पाण्याची आणि मुळांची.

ही कारागिरी फार संथ आहे. एक सेंटीमीटर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. हा वेग मनात ठेवावा. पुढं दुसऱ्या एका वेगाशी त्याची गाठ पडणार आहे.

३. थेंबाचा घाव

माती तयार झाली. ती सुटते कशी? पाणी वाहायला लागल्यावर, असं आपण समजतो. खरी सुरुवात त्याआधी, थेंब आपटण्यापासून होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगानं जमिनीवर येतो, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या वर. उघड्या मातीवर तो आदळला की कण उडतात. याचा पुरावा बघायला डोंगरावर जायला नको. पाड्यावरच्या कुडाच्या घराची भिंत पावसाळ्यात पाहा. खालच्या वीतभर भागावर तांबड्या चिखलाची नक्षी उठलेली असते. पागोळ्यांखाली जमिनीत ओळीनं खळगे पडलेले असतात.

अजून एक बारीक गोष्ट आहे. नुकत्याच मोकळ्या झालेल्या उतारावर मुसळधार सर पडून गेली, की गुडघे टेकून जमीन जवळून बघा. लहान लहान खडे बोटभर उंचीच्या मातीच्या खांबांवर उभे दिसतील. खड्यानं छत्री धरली म्हणून त्याच्याखालची माती वाचली, आजूबाजूची गेली. हे चित्र विसरू नका, माहुलीपाशी ते पुन्हा लागेल.

किती पाणी पडतं याचा अंदाज घेऊ. घाटाजवळच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे तो साठून राहिला असता तर अडीच मीटर उंचीचा थर झाला असता. एका गुंठ्याचं क्षेत्र सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर अडीच मीटर पाणी म्हणजे अडीच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर एका गुंठ्यावर, एका एकरावर हजार टँकर. ज्या तालुक्यांतल्या पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते, त्याच तालुक्यांचा हा हिशेब आहे. हे पाणी थांबत का नाही, ते शेवटच्या भागात पाहू.

जंगल असलं की थेंबाचा घाव आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर. जमिनीला तो पोचेपर्यंत त्याच्यातला जोर निघून गेलेला असतो. म्हणून साग-ऐनाच्या दाट रानातून आलेला ओहोळ आणि उघड्या माळावरून आलेला ओहोळ एकाच सरीनंतर वेगवेगळ्या रंगांचे दिसतात.

४. ओहोळाचं गणित

सुटलेली माती आता पाण्याबरोबर निघाली. इथं एक नियम फार उपयोगी पडतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते हलवू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट किंवा चौपट होत नाही, ते सुमारे ६४ पट होतं. एरवी एक किलोचा गोटा कसाबसा ढकलणारा ओहोळ पुरात दुप्पट वेगानं आला, तर साठ किलोच्या धोंड्यालाही हलवू शकतो. हा स्थूल नियम आहे, नदीचा तळ आणि दगडाचा आकार यांनी त्यात फरक पडतो. तरी वर्षभर शांत असलेली नदी चार दिवसांत सगळं पात्र कसं बदलून टाकते, याचं उत्तर त्यात आहे. पुराच्या रात्री ओढ्याकाठी घर असणाऱ्यांना तळातून घरंगळणाऱ्या धोंड्यांचा गडगडाट ऐकू येतो. नदीचं वर्षाचं बरंचसं काम अशा मोजक्या रात्रींत उरकतं.

दगड घरंगळतात तेव्हा एकमेकांना आणि तळाच्या कातळाला घासतात. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी फिरत राहून कातळात रांजणासारखे खड्डे कोरतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात. घाटापलीकडे निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात ते पाहिले, की पाण्याच्या हाती गोटे दिल्यावर ते काय करतं हे कळतं.

खर्डीच्या एका बाजूला वैतरणेचं खोरं आहे, दुसऱ्या बाजूला भातसेचं. भातसा आणि मुरबाडकडून येणारी काळू, दोघींचं पाणी शेवटी उल्हास नदीला मिळतं आणि वसईच्या खाडीवाटे समुद्राला जातं. या वाटेवर चालत गेलात तर दगडांचा आकार बदलताना दिसेल. कड्याच्या पायथ्याशी कोपरे असलेले धोंडे, खाली नदीत गुळगुळीत गोटे, आणखी खाली रेती. उतार कमी झाला की पाण्याचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की जड ओझं आधी खाली ठेवलं जातं. कल्याण आणि मुंब्र्याची रेतीबंदरं या हिशेबामुळेच त्या जागी झाली. खाडीतल्या तिवरांच्या मुळांत जो मऊ काळपट चिखल असतो, त्यातही सह्याद्रीचा दगड आहे, फक्त पीठ होऊन आलेला.

अलीकडे या वाटेत भिंती उभ्या राहिल्या आहेत. १८९२ मध्ये पूर्ण झालेला तानसा, १९५७ चा मोडकसागर, नंतरचा भातसा, अलीकडची मध्य वैतरणा. मुंबईची तहान हे तलाव भागवतात. थांबलेलं पाणी ओझं पेलू शकत नाही, म्हणून गाळ तलावातच बसतो. धरण बांधताना तळाशी जी जागा 'मृत साठा' म्हणून सोडतात, तिच्यामागं या गाळाचाही विचार असतो.

५. कडा मागे सरकतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रेल्वे कसाऱ्याला १८६१ मध्ये पोचली आणि इगतपुरीला १८६५ मध्ये. अंतर जेमतेम १४ किलोमीटर, त्याला चार वर्षं लागली. एवढ्या अंतरात गाडीला सुमारे ३०० मीटर चढावं लागतं. सर्वांत तीव्र जागी दर ३७ मीटरला एक मीटर असा तो चढ आहे, आणि म्हणून आजही कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं, ज्यांना 'बँकर' म्हणतात, लावली जातात. वर गेल्यावर मात्र जमीन पुन्हा सपाट. म्हणजे सह्याद्रीला खरं तर एकच बाजू आहे. कोकणातून बघितला तर तो डोंगर दिसतो. देशावरून चालत आलात तर तो दिसतच नाही, एकदम जमीन संपते. डोंगर म्हणून आपण ज्याला ओळखतो, ती पठाराची तुटलेली कड आहे.

ही कड पूर्वी इथं नव्हती. भारताचा पश्चिम किनारा तुटून समुद्र आत आला, तेव्हा पठार आजच्या किनाऱ्याच्या आसपासपर्यंत, कदाचित त्याच्याही पलीकडे होतं, असं बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. तेव्हापासून कड झिजत पूर्वेकडे सरकत आली. खर्डी स्टेशनच्या फलाटावर उभं राहून वर पाहा. जिथं आता मोकळं आकाश आहे, तिथं एके काळी शेकडो मीटर जाडीचा कातळ होता. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली, त्या दिवशी मी फलाटावर कितीतरी वेळ मान वर करून उभा होतो.

कड कशी सरकते? घट्ट थर आणि भुसभुशीत थर एकावर एक आहेत, हे आठवा. मऊ थर लवकर पोखरला जातो. मग वरचा घट्ट थर छज्ज्यासारखा पुढं राहतो. त्याला आधार उरत नाही. उभ्या भेगा तर आधीपासूनच आहेत. एखाद्या पावसाळ्यात भेगेपासून पुढचा भाग सुटतो आणि कोसळतो. मागं नवा, ताजा, उभा कडा तयार. भाकरी कडेनं मोडत खाल्ली तर ती लहान होते, पातळ होत नाही. सह्याद्री तसा कडेनं मोडला जातो. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. झीज डोंगराला वरून घासून बुटका करत नाही, बाजूनं मागं ढकलते, म्हणून बघणाऱ्याला त्याची उंची तशीच भासते.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा याचं सर्वांत भव्य उदाहरण. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून वर पाहिलं तर अर्धवर्तुळाकार भिंत आत वळलेली दिसते, खालून पोखरल्यामुळे माथा पुढं आलेला. आजोबा पर्वताची शहापूरकडची भिंतही याच कामातून निघालेली. किल्ले बांधणाऱ्यांना हे थर पुरते कळले होते. कड्याखालचा सपाट पट्टा म्हणजे माची. मऊ थर मागं हटला, त्याखालच्या घट्ट थराचा माथा मोकळा झाला, त्यावर वस्ती झाली. युरोपीय अभ्यासकांना या डोंगरांत पायऱ्या दिसल्या, म्हणून स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडलं.

आणि माहुली? आसनगावच्या बाजूनं दिसणारे ते सुळके नवरा, नवरी, भटोबा या नावांनी लोकांना माहीत आहेत. कडा मागं हटताना सगळीकडे सारखा हटत नाही. जिथं भेगा जास्त, तिथं घळी पडतात. दोन घळींच्या मधला घट्ट तुकडा मागं राहतो. घळी रुंद होत गेल्या की तो एकटा पडतो, सुळका होतो. खड्याखालचा मातीचा खांब आठवा, आजूबाजूचं गेलं म्हणून तो उंच दिसतो. माहुलीचा सगळा डोंगरच मुख्य रांगेपासून असा सुटून मागं राहिलेला आहे.

वेग किती? एक साधा हिशेब करून पाहू. कड वर्षाला एक मिलिमीटर सरकली असं धरा. ६ कोटी वर्षांत ६ कोटी मिलिमीटर, म्हणजे ६० किलोमीटर. किनारा ते कसारा हे अंतर साधारण तेवढंच, थोडं जास्तच भरतं. प्रत्यक्षात वेग सगळ्या काळात सारखा नव्हता, सुरुवातीला तो बराच अधिक असावा असं मानलं जातं. पण कल्पना यायला हे पुरे. आपलं नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं, वर्षाला छत्तीस. कडा नखाच्या छत्तिसाव्या हिश्श्यानं चालतो. आजोबांनी पाहिलेला डोंगर नातवाला तसाच दिसतो यात नवल नाही.

इथं चौकस वाचक अडवेल. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातले लेख आहेत, दोन हजार वर्षांहून जुने. त्यांतल्या राणी नागनिकेच्या लेखातली ब्राह्मी अक्षरं आजही बरीचशी दिसतात. वर्षाला एक मिलिमीटर गेला असता तर दोन मीटर दगड जायला हवा होता, अक्षरं कधीच पुसली असती! शंका रास्त आहे. लेख गुहेच्या आत आहे, त्यावर पावसाचा मारा नाही, हे एक कारण. महत्त्वाचं कारण असं, की वर्षाला एक मिलिमीटर ही सरासरी आहे. कडा रोज कानशीनं घासल्यासारखा झिजत नाही. हजारो वर्षं तो हलत नाही, मग एका रात्री काही मीटरचा तुकडा घेऊन खाली येतो.

आणि ही कड पूर्वेकडेच का सरकते, याचं उत्तर त्र्यंबकेश्वरला मिळतं. ब्रह्मगिरीच्या परिसरात गोदावरी उगम पावते आणि वैतरणाही. दोघी जवळपास सारख्याच उंचीवरून निघतात. गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. वैतरणा दीडशे किलोमीटरच्या आसपास चालून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे तिचा सरासरी उतार नऊ-दहा पट, त्यात पावसाचा मोठा वाटा पश्चिमेला. पश्चिमेकडच्या नद्या आपल्या उगमाशी डोंगर कुरतडत मागं मागं जातात. पूर्वेकडच्यांना ते साधत नाही.

६. ओझं उतरलं की होडी वर येते

मुलाच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर जमिनीच्या पोटात आहे. खाडीतून रेती भरून आलेली होडी बंदराला लागते, तेव्हा काठोकाठ बुडालेली असते. घमेल्यांनी रेती उतरू लागली की ती हळूहळू वर येते. पृथ्वीचं कवच खालच्या जड, अतिसंथ वाहू शकणाऱ्या खडकावर असंच तरंगतं. कोकणावरचा शेकडो मीटर कातळ निघून गेला, तो पाण्यानं खाडीत आणि समुद्रात नेऊन टाकला. इकडचं ओझं हलकं झालं, तिकडचा समुद्रतळ गाळानं जड झाला. त्यामुळे कडेची जमीन थोडी वर उचलली गेली. झिजलेलं सगळं यातून भरून निघत नाही, काही भाग मात्र भरून निघतो. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर पठाराच्या आत दूर नसून या तुटलेल्या कडेच्या जवळ आहे. त्यामागं हे उचललं जाणंही एक कारण असावं.

७. उतार सुटतो तेव्हा

आतापर्यंत लाखो-कोटी वर्षांच्या गोष्टी झाल्या. तीच झीज कधीकधी काही मिनिटांत घडते आणि गाव घेऊन जाते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. मुरबाडच्या कड्यांच्या माथ्यावर उभं राहिलं तर माळीण पलीकडच्या अंगाला, फार लांब नाही. २१ जुलै २०२१ च्या रात्री उंबरमाळी-कसारा पट्ट्यात पाणी रुळांवर आलं, रुळाखालची खडी वाहून गेली, घाटात दगडमाती कोसळली. दुसऱ्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये दरडीखाली सापडलं, ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी.

या उतारांवर काय होतं? खाली घट्ट कातळ, वर मुरूम आणि मातीची चादर. चार-पाच दिवस संततधार लागली की चादर भिजते. तिचं वजन वाढतं. पाणी कातळापर्यंत उतरून तिथं अडतं आणि कणांना एकमेकांपासून ढकलू लागतं. किनाऱ्यावरचा ओला वाळूचा किल्ला आठवा. जरा ओली वाळू उभी राहते, कारण थोडं पाणी कणांना जोडून ठेवतं. लाट आली की तीच वाळू पसरते, कारण जास्त पाणी कण सुटे करतं. वजन वाढलेलं आणि पकड गेलेली, अशी चादर एका क्षणी कातळावरून घसरते. उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापलेला असेल, तर ही वेळ लवकर येते.

उताराखाली राहणाऱ्यांनी काही खुणा ओळखाव्यात. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग दिसणं. सरळ वाढलेली झाडं किंवा विजेचे खांब कलणं. दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा गढूळ होणं, किंवा झरा अचानक बंद पडून दुसरीकडे फुटणं. भर पावसात यातलं काही दिसलं तर सामान न आवरता माणसं आणि गुरं बाजूला काढावीत, उताराच्या सरळ खाली न पळता आडव्या दिशेनं. घर पुन्हा बांधता येतं.

८. मुरूम, विहीर आणि बांध

टँकरचा प्रश्न मागं ठेवला होता. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी साठायला जागा फारशी नसते, ते फक्त भेगांत राहतं. पाणी धरतो तो सडलेला थर, मुरूम. स्पंज ठेवावा तसा तो कातळावर पसरलेला असतो, आणि पाड्यावरची विहीर या स्पंजातलं पाणी झिरपवून घेते. मुरूम जाड, तर विहीर मार्च-एप्रिलपर्यंत टिकते. मुरूम पातळ आणि उतार तीव्र, तर होळीलाच तळ दिसतो. म्हणजे दगड सडला नसता, तर या तालुक्यांत विहीरही नसती आणि भातही पिकलं नसतं. झीज हे इथल्या जगण्याचं मूळ आहे.

अडचण दोन वेगांची आहे. दगडाची माती व्हायला एका सेंटीमीटरला शेकडो वर्षं. माती जायला एक पावसाळा. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती गेली असं धरा. डोळ्याला तो फरक दिसणारही नाही. क्षेत्र सुमारे ४,०५० चौरस मीटर, म्हणजे गेलेली माती ४ घनमीटर, जवळजवळ दीड ब्रास. ट्रॉली भरून कुणी रात्रीतून माती पळवली, तर गावात बोभाटा होईल. पावसानं नेली की कुणाच्या लक्षातही येत नाही. दाट रानाखाली हे दोन वेग एकमेकांच्या आसपास राहतात. रान गेलं, उतार उघडा पडला, की दुसरा वेग पहिल्याला मागं टाकून पळतो. वरकस जमिनीवर नाचणी-वरईच्या तासांतून कातळाचे डोळे वर येऊ लागतात, ते त्यामुळे.

भाताची खाचरं हा या पळणाऱ्या मातीवर इथल्या शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा वाखाणला गेलेला नाही. उताराच्या पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीला बांध घालायचा, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात हळू उतरू द्यायचं. वेग कमी झाला की ओझं खाली ठेवलं जातं, हा भाग चारमधला नियमच इथं कामाला लावलेला आहे. धरणाच्या तळाशी जो गाळ नकोसा असतो, तो खाचरात सोनं असतो.

बांध फुटतो, खेकडे त्याला भोकं पाडतात, मोठ्या सरीत त्याला खांड पडते. त्या दिवशी ओहोळावरून परतताना आवणीची घाई चालू होती. सगळे रांगेनं वाकून रोपं रोवत होते. फक्त एक म्हातारी वरच्या खाचराच्या बांधापाशी होती. खांडीतून तांबडं पाणी खालच्या खाचरात धबधबत होतं. तिनं आधी मोठे दगड बसवले, मग फटींत चिखल आणि गवताच्या पेंढ्या कोंबल्या, पायानं दाबल्या. बाटलीवाला मुलगा धावत जाऊन तिला दगड आणून देऊ लागला, ती त्याची आजी होती. अर्ध्या तासानं खांड बुजली. बांधाआडचं पाणी चढलं, संथ झालं, आणि सांडीवरून खाली उतरू लागलं तेव्हा त्याचा तांबडेपणा थोडा उतरला होता.